हत्ती गेला, शेपूट अडलं

गेल्या अंकाच्या शेवटी मी सहज लिहून गेले होते, ‘क्वेश्चन टॅगबद्दल पुन्हा कधीतरी.’ वाचकांना ते ‘कधीतरी’ मान्य नसावं, कारण या महिन्यातली बहुतेक पत्रं टॅगचीच आहेत. तेव्हा बाकीच्यांनी महिनाभर कळ काढावी, आज शेपटाचंच बघू.

ज्यांची शाळा सुटून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी आधी थोडी उजळणी. विधान करून झालं की स्वल्पविराम देऊन मागे जोडलेला दोन-तीन शब्दांचा प्रश्न म्हणजे टॅग. ‘इट इज रेनिंग, इझन्ट इट?’ यातलं ‘इझन्ट इट’. विधान होकारी असेल तर टॅग नकारी, विधान नकारी असेल तर टॅग होकारी. साहाय्यक क्रियापद विधानातलंच घ्यायचं, ते नसेल तर ‘डू, डझ, डिड’ला बोलवायचं, आणि कर्त्याचं सर्वनाम करायचं. एवढं सगळ्यांना पाठ असतं. गाडं अडतं ते याच्या पुढे.

प्रश्न : ‘आय ॲम लेट’ या वाक्याला मी ‘ॲमन्ट आय’ असा टॅग लावला. सरांनी गुण कापला आणि ‘आरन्ट आय’ लिहून दिलं. ‘ही इज’ला ‘इझन्ट ही’ चालतं, ‘दे आर’ला ‘आरन्ट दे’ चालतं, मग ‘ॲम’नेच काय घोडं मारलंय? – दहावीचा विद्यार्थी, बार्शी

तर्क तुझा चोख आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधले लोक आजही ‘ॲमन्ट आय’ म्हणतात, म्हणजे हे रूप काही तू हवेतून काढलेलं नाहीस. पण आपल्या परीक्षेत जे प्रमाण इंग्रजी चालतं त्यात ते बसत नाही, म्हणून गुण गेला. कृतिपत्रिकेत ‘ॲड अ क्वेश्चन टॅग’ दिसलं की गुपचूप ‘आरन्ट आय’ लिहायचं.

का लिहायचं, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. ‘ॲमन्ट’ दोन-चारदा भरभर म्हणून बघ. ‘म’साठी ओठ मिटतात आणि ते उघडतात न उघडतात तोच ‘न’साठी जीभ वर न्यावी लागते. इंग्रजांनाही हा व्याप नकोसा झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी त्यातला ‘म’ गिळून टाकला आणि ‘ॲन्ट आय’ म्हणायला लागले. पुढे त्यातला स्वर लांबला आणि ‘आन्ट आय’ झालं. आता गंमत बघ. इंग्लंडच्या दक्षिणेकडे ‘आर’मधला शेवटचा ‘र’ उच्चारत नाहीत, म्हणजे ‘आरन्ट’ हा शब्दही त्यांच्या तोंडून ‘आन्ट’ असाच बाहेर पडतो. ऐकायला दोन्ही सारखे, मग लिहिणाऱ्यांनी हाताशी असलेलं ओळखीचं स्पेलिंग वापरलं. अशा रीतीने ‘यू’ आणि ‘दे’चं ‘आरन्ट’ ‘आय’च्या गळ्यात पडलं. त्याच ‘ॲन्ट’ची दुसरी शाखा म्हणजे ‘एन्ट’, हॉलिवूडच्या सिनेमात उठताबसता ऐकू येतं ते. एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणवाल्यांनी त्याला गावंढळ ठरवून शाळेबाहेर काढलं आणि ते आजतागायत बाहेरच आहे.

‘ॲम आय नॉट?’ हे सुटं रूपही बरोबर आहे, फक्त कानाला फार औपचारिक लागतं. आणि विधान नकारी असेल, ‘आय ॲम नॉट लेट’, तर काही भानगडच नाही, ‘ॲम आय?’ म्हणून मोकळं व्हायचं.

प्रश्न : मी तलाठी भरतीची तयारी करते. २०२३ च्या भरतीत इंग्रजीचे २५ प्रश्न होते, त्यामुळे व्याकरण सोडून चालत नाही. टॅगचे नियम पाठ आहेत, तरी सराव संचात चुकतात. चुकलेली वाक्यं पाठवते आहे. सगळे अपवाद एका तक्त्यात मिळतील का? – स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, नांदेड

तक्ता देणार नाही. तुझ्याकडे असे दोन-तीन तक्ते आधीच असतील आणि ते असूनही वाक्यं चुकली आहेत. तुझी चुकलेली वाक्यं नीट बघितली तर एक गोष्ट दिसते : तू डोळ्यांना दिसणारा शब्द उचलतेस आणि क्रियापद काय काम करतंय ते विचारत नाहीस. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

पहिलं वाक्य घे. ‘शी पुट द कीज ऑन द टेबल.’ तू लिहिलंस ‘डझन्ट शी’. ‘पुट’ हे क्रियापद वर्तमानात आणि भूतकाळात सारखंच दिसतं, म्हणून तू वर्तमान धरलास. पण वर्तमानकाळ असता तर ‘शी’पुढे ‘पुट्स’ आलं असतं. ‘एस’ नाही, म्हणजे हा भूतकाळ, आणि टॅग ‘डिडन्ट शी’. सगळा प्रश्न त्या न आलेल्या एका अक्षरावर उभा आहे. ‘कट’, ‘हिट’, ‘शट’, ‘लेट’ ही त्याच गोत्रातली. ‘रीड’ तर आणखी लबाड, स्पेलिंग तेच ठेवून भूतकाळात उच्चार ‘रेड’ करतं. ‘ही रीड द लेटर’ असं छापलेलं दिसलं की मनात ‘ही रेड’ म्हणायचं आणि ‘डिडन्ट ही’ लिहायचं.

दुसरं, ‘हॅज’. ‘ही हॅज गॉन होम’ मध्ये ‘हॅज’ हे ‘गॉन’चं मदतनीस आहे, म्हणून ‘हॅझन्ट ही’. पण ‘ही हॅज टू गो’ किंवा ‘ही हॅज हिज लंच ॲट वन’ यात ‘हॅज’ स्वतःच मुख्य क्रियापद आहे, मदतनीस नाही. तिथे ‘डझन्ट ही’. जुन्या ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत मालकी दाखवताना ‘ही हॅज अ कार, हॅझन्ट ही’ असंही सापडेल. ते चूक नव्हे, पण आता मागे पडलंय. पर्यायांत दोन्ही दिसले तर ‘डझन्ट’ धर.

तिसरं, तुझं सगळ्यात जास्त वेळा चुकलेलं : ‘यूड’. ‘यू’ आणि ‘डी’मधल्या अपॉस्ट्रॉफीमागे ‘हॅड’ लपलंय की ‘वुड’, हे पुढच्या शब्दावरून ओळखायचं. पुढे ‘बेटर’ आलं तर ‘हॅड’, म्हणून ‘यूड बेटर हरी, हॅडन्ट यू?’ पुढे ‘रादर’ आलं तर ‘वुड’, म्हणून ‘यूड रादर स्टे, वुडन्ट यू?’ इथे पाठ करण्यावाचून इलाज नाही.

चौथं, ‘फ्यू पीपल केम.’ इथे तू ‘डिडन्ट दे’ लिहिलंस. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ कुणीच नाही, मान नकारार्थी हलते, म्हणून टॅग होकारी, ‘डिड दे’. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हटलं की चार माणसं तरी आली, तिथे ‘डिडन्ट दे’. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’चंही तसंच. ‘हार्डली’, ‘सेल्डम’, ‘रेअरली’, ‘नेव्हर’ यांच्या अंगावर ‘नॉट’ दिसत नसलं तरी ते नकारीच आहेत. ‘नोबडी’ही नकारी आणि वर त्याचं सर्वनाम ‘दे’ : ‘नोबडी कॉल्ड, डिड दे?’ एकवचनी ‘नोबडी’ला अनेकवचनी ‘दे’ कसं, असं तू समासात लिहिलं आहेस. फोन बाईचा होता की बुवाचा ते माहीत नसताना ‘ही’ म्हणायचं की ‘शी’? ही पंचाईत ‘दे’ने टळते. ‘नथिंग’ आणि ‘एव्हरीथिंग’ला अर्थात ‘इट’.

शेवटचं. ‘शी सेड ही वॉझ इल’ याला ‘डिडन्ट शी’, कारण विधान ‘ती म्हणाली’ हे आहे. पण ‘आय थिंक ही इज इल’ याला ‘डोन्ट आय’ नव्हे, ‘इझन्ट ही’! मला काय वाटतं हे मी दुसऱ्याला कशाला विचारेन? विचारायचंय ते त्याच्या आजारपणाबद्दल. आणि ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ म्हटलं तर ‘विल ही’, कारण नकार ‘थिंक’ला चिकटलेला दिसत असला तरी तो आहे ‘येण्या’चा. हे एक वाक्य ज्याला नीट कळलं त्याला तक्त्याची गरज उरत नाही, असं माझं मत आहे. शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी पहिलं हेच देते.

प्रश्न : मी ब्रिटनमधल्या ग्राहकांचे फोन घेते. परवा एकाने विचारलं, ‘यू हॅवन्ट सेंट द रिप्लेसमेंट, हॅव यू?’ वस्तू पाठवून झाली होती. मी घाईने ‘नो नो, सर’ म्हणाले आणि तो भडकलाच. माझं नेमकं काय चुकलं? – कस्टमर सपोर्टमधील कर्मचारी, पुणे

तुम्ही इंग्रजी शब्द वापरलेत पण उत्तर मराठीत दिलंत. त्याला ऐकू आलं, ‘नाही हो साहेब, पाठवलेली नाही.’ आधीच वस्तू बिघडलेली, त्यात हे. भडकेल नाहीतर काय!

आपल्याकडे कुणी विचारलं, ‘तुम्ही अजून पाठवलं नाही ना?’ आणि पाठवून झालेलं असेल, तर आपण म्हणतो, ‘नाही नाही, पाठवलंय की!’ इथे ‘नाही’ म्हणजे तुमचा समज बरोबर नाही. आणि खरंच पाठवलं नसेल तर? ‘हो, राहिलंच बघा.’ म्हणजे आपलं हो-नाही समोरच्या माणसाला उद्देशून असतं, त्याचं म्हणणं पटलं की नाही एवढं सांगतं. जपानी लोकही साधारण असंच उत्तर देतात. इंग्रजीत हो-नाही समोरच्याकडे बघतच नाही, ते घटनेकडे बघतं. काम झालं असेल तर ‘यस’, झालं नसेल तर ‘नो’, मग प्रश्न होकारी विचारा नाहीतर नकारी.

त्यामुळे तुमच्या त्या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. पाठवलं असेल तर ‘यस, वुई हॅव.’ नसेल तर ‘नो, वुई हॅवन्ट.’ ‘यस, वुई हॅवन्ट’ असं इंग्रजीत अस्तित्वातच नाही, आणि आपल्या लोकांच्या तोंडून मी ते सर्रास ऐकते. सवय लावायला एक युक्ती सांगते. ‘यस’ किंवा ‘नो’ सुटं सोडायचंच नाही. त्याच्या पाठोपाठ लगेच क्रियापद : ‘यस, इट डिड’, ‘नो, आय वॉझन्ट’. त्याहून सुरक्षित म्हणजे सरळ माहितीवर यायचं, ‘वुई सेंट इट ऑन मंडे.’ ग्राहक चिडलेला असताना तर हेच बरं.

आता थोडं अवांतर, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. खुद्द इंग्रजांनाही एके काळी हे जड गेलं आहे. त्यांच्याकडे दोन नव्हे, चार शब्द होते. साध्या प्रश्नाला ‘ये’ किंवा ‘ने’ म्हणायचं आणि नकारी प्रश्नाला ‘यस’ किंवा ‘नो’. सोळाव्या शतकात बायबलचं भाषांतर करणाऱ्या विल्यम टिंडलने यातला एक शब्द चुकीच्या जागी वापरला, म्हणून इंग्रज लेखक आणि मुत्सद्दी थॉमस मोरने त्याला छापील ग्रंथात झाडलं. आणि झाडताना नियम समजावून सांगितला तो स्वतःच उलटा सांगून बसला! पुढे ‘ये’ आणि ‘ने’ रोजच्या बोलण्यातून गेले, ‘यस-नो’ सगळं काम करू लागले. फ्रेंचमध्ये नकारी प्रश्नाला ‘छे, आहे तर!’ म्हणायला ‘सी’ हा वेगळा शब्द अजून आहे, जर्मनमध्ये ‘डोख’ आहे. इंग्रजीने आपला गमावला आणि त्याचा ताप तुमच्या हेडफोनवर आला.

प्रश्न : नातू इंग्रजी माध्यमात शिकतो. ‘यू आर कमिंग टुमॉरो, इझन्ट इट?’, ‘बाबा वेंट टू बँक, नो?’ असं बोलतो. टोकावं का? – निवृत्त पोस्टमास्तर, चिपळूण

काका, घरात बोलताना नका टोकू. आपलं ‘ना’ कुठल्याही वाक्याला, कुठल्याही काळाला, कुठल्याही माणसाला एकच असतं. तेच घेऊन आपण इंग्रजीत शिरतो. गोव्यात जा, हे ‘नो’ तुम्हाला पावलोपावली भेटेल. आणि हे फक्त आपलंच आहे असं नाही. वेल्समधले लोक ‘इझन्ट इट’ असंच सरसकट वापरतात, आणि लंडनमधली पोरं ‘इनिट’ म्हणून तेच करतात, त्यांना कुणी भारतीय म्हणत नाही.

वही, परीक्षा, मुलाखत आली की मात्र ‘आरन्ट यू’ आणि ‘डिडन्ट ही’च हवं. दोन्ही ठाऊक असलेलं पोर कुठे अडत नाही. तुम्ही तेवढं वहीत लक्ष घाला.

प्रश्न : लग्नानंतर इंग्लंडमध्ये रेडिंगला आले. शेजारच्या आजी रोज ‘लव्हली डे, इझन्ट इट?’ म्हणतात. मी मनापासून उत्तर देते तर त्या पुढे निघून गेलेल्या असतात. आम्ही घर घेतल्याचं कळल्यावर म्हणाल्या, ‘सो यूव्ह बॉट द कॉर्नर हाऊस, हॅव यू?’ इथे ‘हॅवन्ट यू’ हवं होतं ना? की तो टोमणा होता? – एक वाचक, रेडिंग

तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण हे व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत आटपतात आणि खरी मौज इथेच आहे.

आधी सकाळच्या आजी. टॅगच्या शेवटी आवाज वर जातो की खाली येतो, यावर सगळं अवलंबून असतं. खाली आला तर तो प्रश्न नाहीच. बोलणाऱ्याला खात्री आहे, त्याला फक्त तुमची मान हललेली हवी असते. हवेबद्दलचं इंग्रजांचं बोलणं जवळजवळ सगळं याच सुरात चालतं. ‘यस, इझन्ट इट!’ एवढं हसून म्हणायचं, तेही सूर खाली ठेवूनच. आकाशाकडे बघून ढगांचा अहवाल द्यायचा नाही.

आवाज वर गेला तर मात्र तो खरा प्रश्न. स्टेशनवर उभ्या आहात, लंडनकडे जाणारी गाडी आली, ती स्लाऊला थांबते असं वाटतंय पण खात्री नाही. तेव्हा ‘धिस वन स्टॉप्स ॲट स्लाऊ, डझन्ट इट?’ म्हणताना ‘डझन्ट इट’ वर चढवायचं. तेच शब्द उतरत्या सुरात म्हटलेत तर शेजारचा माणूस नुसता हुंकार देईल, आणि तुम्ही न थांबणाऱ्या गाडीत बसून थेट पॅडिंग्टनला पोहोचाल. आपल्याकडची मुलं टॅग लिहितात उत्तम, पण वाचताना सगळे टॅग एकाच सुरात ओढतात. चाचणी लेखी असते, सूर कोण तपासणार?

आता कोपऱ्यावरचं घर. होकारी विधानाला होकारी टॅग हा नियमभंग नाही, तो वेगळाच प्रकार आहे. बोलणाऱ्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली आहे, किंवा त्याने ती ताडली आहे, आणि तो ती तुमच्यासमोर उच्चारून बघतो आहे. म्हणूनच अशा वाक्याच्या सुरुवातीला बहुतेक वेळा ‘सो’ किंवा ‘ओह’ असतं. ‘अच्छा, म्हणजे कोपऱ्यावरचं घर तुम्ही घेतलंत तर!’ हा त्याचा भाव. ‘हॅवन्ट यू’ म्हणाल्या असत्या तर अर्थ बदलला असता. त्यांना आधीच माहीत होतं आणि आता फक्त तुमच्याकडून वदवून घ्यायचं होतं, असा.

टोमणा असू शकतो का? असू शकतो. हाच साचा वापरून इंग्रज माणूस धमकीही देतो, ‘सो यू थिंक दॅट्स फनी, डू यू?’ शाळेतल्या मास्तरांचं तर हे आवडतं वाक्य असावं. पण तिथे चेहरा आणि आवाजच सांगतो. रोज सकाळी हवेची चौकशी करणाऱ्या आजींना तुमच्या घराचं कौतुकच वाटलं असेल, असं मी धरून चालते. पुढच्या वेळी ‘यस, वुई हॅव, यू मस्ट कम राउंड फॉर टी’ म्हणा आणि चहाबरोबर चकली ठेवा.

प्रश्न : आज्ञार्थी वाक्यात कर्ताच नसतो. मग टॅग कशावरून ठरवायचा? ‘लेट अस’ला कधी ‘शॅल वुई’ तर कधी ‘विल यू’ असं उत्तर छापलेलं दिसतं. – शिक्षक, वाशीम

आज्ञेत ‘यू’ लपलेला असतो, म्हणून ‘ओपन द विंडो, विल यू?’ आग्रह किंवा आर्जव असेल तर ‘वोन्ट यू’ : ‘हॅव अ सीट, वोन्ट यू?’ ‘वुड यू’ आणि ‘कॅन यू’ही चालतात, सगळ्यांत मऊ ‘वुड यू’. नकारी आज्ञेला मात्र ‘विल यू’ एकच : ‘डोन्ट बी लेट, विल यू?’

‘लेट अस’चे दोन अर्थ आहेत. ‘चला, आपण जाऊ’ असं म्हणायचं असेल तर ऐकणाराही ‘अस’मध्ये आला, तिथे ‘शॅल वुई’. ‘आम्हाला जाऊ द्या’ अशी परवानगी मागायची असेल तर ऐकणारा त्या ‘अस’च्या बाहेर, म्हणून ‘विल यू’. मराठीत आपण आणि आम्ही असे दोन शब्द आहेत, त्यामुळे वर्गात हे पटकन समजावता येतं. ‘लेट अस गो, सर’ असं वर्ग सुटताना पोरं ओरडली तर टॅग ‘विल यू’. पेपरात ‘लेट्स’ असं जोडून छापलं असेल तर डोळे झाकून ‘शॅल वुई’, कारण परवानगी मागताना ते असं जोडत नाहीत.